घंटी वाजली, टोनीने वर पाहिलं, आणि...

१० जून २००७, रविवारची रात्र. अमेरिकेत एचबीओ वाहिनीवर 'द सोप्रानोज' या मालिकेचा ८६ वा, म्हणजे शेवटचा भाग संपत आला होता. सुमारे १ कोटी १९ लाख लोक पाहत होते. न्यू जर्सीतल्या एका माफिया टोळीचा म्होरक्या टोनी सोप्रानो बायको आणि मुलाबरोबर मुलीची वाट पाहत एका साध्याशा आइस्क्रीमच्या दुकानात बसला होता. दाराची घंटी वाजली, त्याने मान वर केली आणि पडदा काळा झाला. गाणं मधेच तुटलं. जवळपास दहा सेकंद चित्र नाही, आवाज नाही. मग नावं आली, तीही मुक्यानेच.

अनेकांना वाटलं, नेमकी आत्ताच केबल गेली! रेकॉर्डिंग लावून ठेवलेल्यांना वाटलं, यंत्राने दगा दिला. खरा प्रकार कळल्यावर जो वाद पेटला तो आजतागायत विझलेला नाही: टोनी मेला की जगला?

(मालिका पाहिली नसेल आणि पुढे पाहायची असेल, तर इथेच थांबा. पुढे काहीही झाकून ठेवलेलं नाही.)

या वादाबद्दल बरंच वाचल्यावर आणि तो शेवट मोजता येणार नाही इतक्या वेळा पाहिल्यावर माझं एक मत झालं आहे. भांडणारे दोघे बहुतेक वेळा एकाच प्रश्नावर भांडत नसतात. एक जण म्हणतो, 'गोळी दाखवलीच नाही, मग मेला कसा?' तो कथेतल्या घटनेबद्दल बोलतोय. दुसरा म्हणतो, 'अरे, ते शॉट कसे लावलेत बघ.' तो एडिटिंगबद्दल बोलतोय. तिसरा लेखकाची मुलाखत पुढे करतो. तिघांचेही पुरावे खरे, पण तिघांची न्यायालयं वेगळी. म्हणून आधी पडद्यावर नेमकं काय आहे ते पाहू. लेखक काय म्हणाला ते नंतर.

दुकानाचं नाव होल्स्टेन्स. हे खरं दुकान आहे, न्यू जर्सीतल्या ब्लूमफील्ड गावात. टोनी आत येतो, बसतो, टेबलावरच्या छोट्या ज्यूकबॉक्समधून गाणं निवडतो. जर्नी या रॉक बँडचं १९८१ चं 'डोन्ट स्टॉप बिलीव्हिन'. बायको कार्मेला येते. मग मुलगा ए.जे. येतो. त्याच्या किंचित पुढे एक अनोळखी माणूस आत शिरतो, अंगात 'मेंबर्स ओन्ली' या ब्रँडचं जॅकेट. तो काउंटरपाशी बसतो, टोनीच्या टेबलाकडे एकदोनदा नजर टाकतो आणि थोड्या वेळाने उठून टॉयलेटकडे जातो. इकडे अनियन रिंग्ज येतात. बाहेर मुलगी मेडो गाडी पार्क करतेय आणि ती काही केल्या नीट लागत नाही. पुढे, मागे, पुन्हा पुढे. कथेच्या हिशेबाने या सगळ्यात काहीच घडत नाही. चौघांचं कुटुंब जेवायला जमतंय, एवढंच. तरीही पाहताना तळहात ओले होतात.

ते का होतात, हे समजायला सिनेमाचं एक जुनं, अगदी प्राथमिक व्याकरण पाहावं लागतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लेव कुलेशोव या सोव्हिएत दिग्दर्शकाने एक प्रयोग केल्याचं सांगितलं जातं. इव्हान मोझुखिन या नटाचा एक निर्विकार चेहरा त्याने घेतला. एकदा त्यापुढे सूपची वाटी जोडली, एकदा शवपेटी. चेहरा तोच होता, पण पाहणाऱ्यांना एकदा त्यात भूक दिसली आणि एकदा दुःख. माणूस कुठेतरी बघतोय असा शॉट आणि लगेच दुसरा शॉट आला की आपलं मन बिनबोभाट ठरवून टाकतं, की हे त्याला दिसतंय. या दुसऱ्या शॉटला सिनेमावाले पीओव्ही म्हणतात. त्या क्षणी कॅमेरा म्हणजे त्या पात्राचे डोळे.

होल्स्टेन्समध्ये ही जोडी पुन्हा पुन्हा लावलेली आहे. घंटी वाजते. टोनीचा चेहरा, नजर वर. मग दार आणि आत येणारा माणूस, टोनीला दिसतो तसा. पुन्हा घंटी, चेहरा, दार. असं इतक्या वेळा होतं की पाहणाऱ्याच्या नकळत त्याला सवय लागते. घंटी ऐकली की चेहरा येणार आणि चेहऱ्यापाठोपाठ टोनीला जे दिसतंय ते येणार. तबला ऐकणाऱ्याला सम कुठे येणार ते कुणी सांगावं लागत नाही, तसंच हे.

शेवटची घंटी वाजते, तेव्हा मेडो एकदाची गाडी लावून दाराकडे धावत आलेली असते. घंटी. टोनीचा चेहरा, नजर वर. आता सम. आता त्याला जे दिसतंय ते यायला हवं.

येतो तो काळोख.

'टोनी मेला' म्हणणाऱ्यांचा सगळा डोलारा या एका निरीक्षणावर उभा आहे, आणि तो भक्कम आहे असं मला वाटतं. इतर लोक या काळोखाला मालिकेचा शेवट समजतात. यांच्या मते तो मालिकेतला एक शॉट आहे. टोनीच्या डोळ्यांना त्या क्षणी जे दिसलं ते, म्हणजे काहीच नाही. त्याच्या कानांना जे ऐकू आलं तेही काहीच नाही, म्हणून गाणंही तिथेच तुटलं. गाण्याचा शेवट बेताने जुळवून घेता आला असता. तसं न करता ते ओळीच्या मधोमध छाटलं आहे.

याची पेरणी आधी झालेली होती. त्या वर्षीचे शेवटचे नऊ भाग सुरू झाले त्यातल्या पहिल्याच भागात टोनी आणि त्याचा मेहुणा बॉबी तळ्यात नाव घेऊन बसलेले असतात. आपल्या धंद्यात मरण कसं येतं यावर बोलणं निघतं आणि बॉबी सहज म्हणून जातो, की ते घडतं तेव्हा बहुतेक ऐकूसुद्धा येत नसावं. पुढच्याच भागात एका रेस्टॉरंटमध्ये टोनीचा उजवा हात सिल्व्हिओ जेवत असताना समोरच्या माणसाला गोळ्या घातल्या जातात. तिथे आवाज आधी दबतो, सिल्व्हिओच्या तोंडावर रक्त उडतं, आणि काय झालं ते त्याला मागाहून उमगतं. नंतर तो तसं बोलूनही दाखवतो. आणि शेवटून दुसऱ्या भागाच्या अखेरीस, बॉबीचा खून झाल्यावर, टोनी बंदूक छातीशी धरून अंधाऱ्या खोलीत पडलेला असताना नावेतलं ते बोलणं फ्लॅशबॅकमध्ये पुन्हा ऐकवलं जातं. ही मालिका जुनी दृश्यं परत दाखवून आठवण करून देण्याच्या भानगडीत सहसा पडत नसे. इथे पडली, आणि तेही अंतिम भागाच्या उंबरठ्यावर. शितावरून भाताची परीक्षा करायची तर शीत इथे हातात ठेवलेलं आहे.

जॅकेटवाल्याचा टॉयलेटही साधा नाही. 'द गॉडफादर'मध्ये मायकल रेस्टॉरंटच्या टॉयलेटमध्ये लपवलेलं पिस्तूल घेऊन बाहेर येतो आणि गोळ्या झाडतो, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण एक बारकावा बऱ्याच जणांच्या हातून निसटतो. शेवटाच्या वर्षभर आधीच्या एका भागात ए.जे. बापाला सुनावतो, की हा सीन लागला की तुम्ही आइस्क्रीमचं भांडं घेऊन बसता आणि दर वेळी म्हणता, माझा सगळ्यात आवडता सीन. आता तो बाप आइस्क्रीमच्या दुकानात बसलाय, समोर तोच मुलगा, आणि एक माणूस टॉयलेटमध्ये गेलाय. हे मला कळलं त्या दिवशी मी उठून घरात एक फेरी मारून आले.

आता दुसरी बाजू. ती लोक उगाच उडवून लावतात.

पहिला मुद्दा हेतूचा. मारणार कोण? न्यूयॉर्कच्या टोळीशी चाललेलं युद्ध त्याच भागात मिटलेलं आहे. तडजोड झालीय, आणि तिकडचा म्होरक्या फिल लिओटार्डो पेट्रोल पंपावर मारला गेलाय, त्याच्याच माणसांच्या मूक संमतीने. जॅकेटवाला कोण, कोणी पाठवला, याचा एकही धागा कथेत नाही. उलट टोनीवर टांगलेली तलवार वेगळीच आहे. त्याचा एक जवळचा माणूस सरकारी साक्षीदार झालाय, वकिलाने खटला जवळपास पक्का म्हणून सांगितलंय, आणि हे टोनी त्या टेबलावरच कार्मेलाला सांगतो. म्हणजे त्याचा शेवट तुरुंगात होण्याची शक्यता कथेने स्वतः मांडलेली आहे.

दुसरा मुद्दा व्याकरणाचाच. तो मला जास्त चावतो. आपण त्या दृश्यात सतत टोनीच्या डोळ्यांतून बघतच नाही. मेडोची पार्किंगची धडपड टोनीला दिसणं शक्य नाही, ती फक्त आपल्याला दिसते. आणि अगदी सुरुवातीला एक चमत्कारिक कट आहे. टोनी दारातून आत येतो, समोर बघतो. आपल्याला दुकान दिसतं. पुन्हा टोनीचा चेहरा. पुन्हा दुकान, आणि आता त्याच दुकानात टेबलाशी टोनीच बसलेला! नियम अक्षरशः पाळायचा तर टोनी स्वतःलाच बघतोय. हा प्रकार '२००१: अ स्पेस ओडिसी'च्या शेवटावरून सुचल्याचं मालिकेचा निर्माता आणि या भागाचा लेखक-दिग्दर्शक डेव्हिड चेसने नंतर सांगितलं. त्या सिनेमातही नायक स्वतःचंच पुढचं वय समोर पाहत जातो. थोडक्यात, ज्या व्याकरणाच्या जोरावर आपण काळोखाचा अर्थ लावतो, ते दिग्दर्शकाने पहिल्याच मिनिटाला वाकवून दाखवलेलं आहे.

यावर माझं उत्तर असं: सुरुवातीचा कट एकदाच येतो, घंटीचा क्रम पुन्हा पुन्हा येतो. सवय लावणारा क्रम आणि एकदाच येणारा झटका यांचं वजन सारखं नसतं. पण हे माझं वजन करणं झालं. कुणाचा काटा वेगळं दाखवत असेल तर तो मूर्ख ठरत नाही.

या दोन बाजूंच्या मधे एक मोठी जत्राही भरते. शेवट प्रसारित झाल्यावर एक अफवा पसरली होती, की दुकानातली सगळी अनोळखी माणसं आधीच्या भागांत येऊन गेलेली आहेत. एक म्हणे फिलचा पुतण्या, एक टोनीच्या टोळीने कधीकाळी लुटलेल्या ट्रक ड्रायव्हरचा भाऊ. ती साफ खोटी होती. असं कुठल्या श्रेयनामावलीत नव्हतं, पण लोकांनी ते शपथेवर सांगितलं. दुसरं उदाहरण 'तीन वाजले'चं. दुसऱ्या सीझनमध्ये मरणाच्या दारातून परत आलेला टोनीच्या टोळीतला ख्रिस्तोफर 'तीन वाजता' असा गूढ निरोप आणतो. टॉयलेट टोनीच्या ज्या बाजूला आहे ती घड्याळात तीनची जागा, म्हणून गोळी तिथूनच आली, असं एक गणित आहे. कल्पना झकास आहे. पण एवढ्या जुन्या धाग्याला एवढ्या नव्या सुईत ओवायचं तर आणखी कितीतरी धागे ओवता येतील, आणि मग थांबायचं कुठे? बॉबीचं वाक्य त्याच सीझनमध्ये येतं, मुद्दाम दुसऱ्यांदा ऐकवलं जातं आणि शेवटच्या दृश्याच्या घडणीशी थेट जुळतं. 'तीन वाजता'चं तसं नाही. पुरावा आणि योगायोग यांत फरक करायला मी एवढीच साधी कसोटी वापरते: ती गोष्ट मालिकेने स्वतः अधोरेखित केलीय, की मी?

मुळात लोक इतके चवताळले कशाने? त्यासाठी गुंडपटांचा इतिहास थोडा आठवावा लागतो. १९३१-३२ च्या सुमारास हॉलीवूडमध्ये 'लिटल सीझर', 'द पब्लिक एनिमी', 'स्कारफेस' असे सिनेमे आले. गुंड वर चढतो, मजा मारतो आणि शेवटी गोळ्या खाऊन मरतो, हा त्यांचा साचा. पुढे १९३४ पासून हेज कोड म्हणून ओळखली जाणारी नियमावली कडकपणे लागू झाली आणि गुन्हेगाराला पडद्यावर शिक्षा होणं हा जवळजवळ कायदाच झाला. कोड साठच्या दशकात गेला, पण प्रेक्षकाच्या अंगात मुरलेली अपेक्षा राहिली: दोन तास याच्याबरोबर पाप केलं, आता याला मारा म्हणजे आपण सुटलो. टोनीच्या बाबतीत तर हे दोन तास नव्हते. जानेवारी १९९९ पासून २००७ पर्यंत लोक त्याच्याबरोबर खून पचवत आले होते. गंमत म्हणजे टोनी स्वतः 'द पब्लिक एनिमी'चा भक्त आहे. आई वारल्यावर तो सिनेमा बघत रडतो, असा एक भागच आहे. म्हणजे गुंडाचा शेवट कसा व्हायला हवा, हे त्या पात्रालाही पाठ आहे.

चेसने नेमकी ती सुटका दिली नाही. मृतदेह नाही, रक्त नाही, हंबरडा नाही. बदल्यात काळी काच, आणि तीत दिसतो आपलाच चेहरा. आठ वर्षं टोनीला टाळ्या वाजवणाऱ्यांना शेवटी त्याचं प्रेत हवं होतं, हे पाहून चेस नंतर मुलाखतींत उघड वैतागलेला दिसतो.

त्या मुलाखती म्हणजे वेगळंच नाटक आहे. शेवट प्रसारित झाला तेव्हा स्वारी फ्रान्समध्ये. न्यू जर्सीतल्या एका वर्तमानपत्राशी बोलताना त्याने काहीही समजावून सांगायला नकार दिला. जे आहे ते पडद्यावर आहे, असा एकूण सूर. २०१४ मध्ये एका लेखात आलं, की चेसने खाजगीत 'नाही, मेलेला नाही' असं सांगितलं. गदारोळ झाला, आणि लगेच त्याच्या वतीने निवेदन आलं, की बोलण्याचा विपर्यास झाला, जगला की मेला हा मुद्दाच नाही. २०१५ मध्ये दिग्दर्शकांच्या संघटनेच्या नियतकालिकात त्याने ते दृश्य शॉटगणिक उलगडलं. कॅमेरा कुठे, कट कधी, सगळं सांगितलं, फक्त शेवटचं सोडून. तिथे तो जे बोलला त्याचा मथितार्थ असा, की आयुष्य थोडं आहे, टोनीचं इथे संपो किंवा पुढे कधी, ते संपणार आहे, तरी ते जगण्यासारखं आहे.

मग जीभ घसरली. दोन समीक्षकांनी २०१९ मध्ये या मालिकेवर पुस्तक काढलं. त्यासाठीच्या गप्पांत चेस बोलण्याच्या ओघात म्हणून गेला, की ते मृत्यूचं दृश्य त्याच्या डोक्यात दोनेक वर्षं आधीपासून होतं. समोरच्याने हळूच लक्षात आणून दिलं, की आपण आत्ता त्याला मृत्यूचं दृश्य म्हणालात. लांबलचक शांतता. मग चेसने दोघांना एक अस्सल शिवी हासडली. २०२१ मध्ये एका पॉडकास्टवर त्याने आणखी स्पष्ट केलं: आधीची कल्पना अशी होती, की टोनी एका बैठकीला गाडीने निघतो आणि तिथेच त्याचा शेवट होतो. पुढे एक छोटंसं खाण्याचं ठिकाण दिसलं आणि वाटलं, हे अशा जागी व्हावं.

म्हणजे निकाल लागला? बरेच लोक तसं मानतात. माझं मन मात्र लेखकाच्या साक्षीने भरत नाही, आणि त्याचं कारण खुद्द चेसच आहे. चौदा वर्षं वेगवेगळ्या दिशांना बोट दाखवणाऱ्या साक्षीदाराचा एक जबाब उचलायचा आणि बाकीचे टाकायचे, हा न्याय नव्हे. २०२१ ची मुलाखत झालीच नसती तरी २००७ चा काळोख तेवढाच काळा होता. मी टोनीला मेलेला मानते, पण ते घंटीच्या जोरावर.

आणखी एक धागा आहे, तो क्वचितच कुणी ओढतं. दुसऱ्या सीझनमध्ये टोनीची आई लिव्हिया नातवाला, म्हणजे ए.जे.ला, आयुष्याबद्दल तिचं तत्त्वज्ञान ऐकवते: शेवटी हे सगळं म्हणजे एक मोठं शून्य. कुणाशीही गोड न बोललेल्या म्हातारीची ही वाणी. आणि पहिल्या सीझनच्या अखेरीस, वादळी रात्री एका रेस्टॉरंटात मेणबत्त्यांच्या उजेडात टोनी कुटुंबाला सांगतो, की असे चांगले क्षण लक्षात ठेवा. होल्स्टेन्समध्ये ए.जे. बापाला तेच वाक्य परत ऐकवतो. टोनीला स्वतःचं बोलणं आधी आठवतही नाही. बापाची ओळ आणि आजीची ओळ, दोन्ही त्या टेबलावर आहेत. अनियन रिंग्ज ही पहिली, आणि पडदा काळा होतो ती दुसरी. मेला की जगला या वादात हा भाग मागे पडतो याचं मला वाईट वाटतं, कारण मालिका आठ वर्षं याच दोन ओळींच्या मधे लोंबकळत होती.

टोनीची भूमिका करणारे जेम्स गँडोल्फिनी जून २०१३ मध्ये रोमला गेले असताना वारले, वय अवघं ५१. त्यानंतर तो शेवट पुन्हा पाहणाऱ्या अनेकांना काळोख आणखी जड वाटू लागला. त्याचा कथेशी काही संबंध नाही, पण असतं तसं.

राहता राहिली त्या दहा सेकंदांची गोष्ट. चेसला खरं तर श्रेयनामावली नकोच होती. नावं जेवढा वेळ चालतात तेवढा सगळा वेळ पडदा काळा ठेवायचा आणि शेवटी एकदम वाहिनीचं चिन्ह, अशी त्याची इच्छा होती. दिग्दर्शकांच्या संघटनेने नियमातून सूट द्यायला नकार दिला, म्हणून दहाएक सेकंदांनी नावं उमटली आणि टीव्हीमागे वाकलेली माणसं वायरी सोडून परत सोफ्यावर येऊन बसली.